शोधानुकूल (एसईओ) लेखाच्या आराखड्यासाठी एआय-प्रॉम्प्ट

गूगलसारख्या शोधयंत्रावर माहिती शोधणाऱ्या वाचकासाठी लेख लिहिण्याआधी त्याचा आराखडा ठरवावा लागतो: शीर्षक, उपशीर्षके, त्यांचा क्रम आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर कुठे द्यायचे ते. हा आराखडा भाषा-प्रारूपाकडून तयार करून घेण्यासाठी दिलेली लेखी सूचना म्हणजे या नोंदीतला प्रॉम्प्ट. चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वांसाठी खुले झाले आणि अशा सूचना लिहिणे हा संपादकीय कामाचाच एक भाग बनला. चंडीगढच्या सेक्टर 43 चे उदाहरण घेतले की या सूचनेत काय असावे आणि ते नसले तर वाचकाचे काय होते, हे नेमके दिसते.

सिमला-मनालीला निघालेली अनेक मराठी कुटुंबे चंडीगढमार्गे जातात. मडगावहून सुटणारी गोवा संपर्क क्रांती चंडीगढपर्यंत जाते. मुंबईच्या वांद्रे टर्मिनसहूनही थेट गाडी आहे. पुढचा प्रवास बसचा असेल तर पहिला प्रश्न उभा राहतो तो बसस्थानकाचा, कारण या शहरात आंतरराज्य बसस्थानके दोन आहेत. सेक्टर 17 चे जुने आणि सेक्टर 43 चे नवे. पंजाब, हिमाचल आणि जम्मू-काश्मीरकडच्या बस प्रामुख्याने 43 मधून सुटतात. हरियाणा, दिल्ली, राजस्थानकडच्या 17 मधून. रेल्वे स्थानक पूर्वेला पंचकुल्याच्या बाजूला आहे, तर सेक्टर 43 नैऋत्येला मोहालीच्या अंगाला. रात्रीच्या बसचे तिकीट काढलेले, सोबत वयस्क आई-वडील आणि चार बॅगा असलेले कुटुंब चुकीच्या स्थानकावर उतरले, तर ती बस हातची जाऊ शकते.

आता एखाद्या प्रारूपाला एवढेच सांगून पाहावे: ‘चंडीगढ सेक्टर 43 बसस्थानकावर एसईओ लेखाचा आराखडा दे.’ उत्तर बहुधा ठरलेल्या वाटेने येते. प्रस्तावना, बसस्थानकाचा इतिहास, महत्त्व, सोयीसुविधा, जवळची प्रेक्षणीय स्थळे, निष्कर्ष. प्रेक्षणीय स्थळांत रॉक गार्डन येते, रोझ गार्डन येते. पण नेकचंद यांचे रॉक गार्डन सेक्टर 1 मध्ये, शहराच्या उत्तर टोकाला आहे आणि रोझ गार्डन सेक्टर 16 मध्ये. दोन्ही या स्थानकाजवळ नाहीत. ‘माझी बस 17 वरून की 43 वरून?’ या प्रश्नाला मात्र अशा आराखड्यात स्वतंत्र जागा मिळेलच असे नाही. दोष यंत्राचा कमी आणि सूचनेचा जास्त आहे. वाचक कोण, तो कुठे उभा आहे आणि त्याला काय हवे आहे, यातले काहीच सांगितलेले नसते. मग प्रारूप असंख्य लेखांत दिसलेला सरासरी साचा पुढे करते.

शहराचे नाव गाळले तर गोंधळ आणखी वाढतो. सेक्टर 43 गुरुग्राममध्येही आहे, नोएडातही आहे. शिवाय चंडीगढचा एक सेक्टर साधारण 1200 मीटर लांब आणि 800 मीटर रुंद असतो, त्यामुळे ‘सेक्टर 43 मध्ये’ एवढ्यावर पत्ता पुरा होत नाही.

याच सेक्टरमध्ये चंडीगढचे जिल्हा न्यायालयही आहे. म्हणजे एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी माणसे शोध घेत असतात: एक बस गाठायला निघालेले, दुसरे तारखेला हजर राहायला निघालेले. पहिल्याला भाडे आणि रिक्षा हवी. दुसऱ्याला इमारत, वेळ आणि न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर खटल्याचा 16 अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून खटल्याची पुढची तारीख कशी पाहायची, ही माहिती हवी. शोधामागच्या या हेतूला एसईओच्या व्यवहारात ‘सर्च इंटेंट’ म्हणतात आणि प्रॉम्प्टमधली सर्वांत मोलाची ओळ तीच. दोन हेतू एका लेखात कोंबले तर दोन्ही वाचक अर्ध्यावरून परततात. इथे दोन लेख करावेत, दोन प्रॉम्प्ट लिहावेत.

उपयोगी पडणारी सूचना साधारण अशी असते:

‘महाराष्ट्रातून रेल्वेने चंडीगढला पोहोचून पुढे बसने सिमला किंवा मनालीला जाणाऱ्या कुटुंबासाठी मराठी लेखाचा आराखडा कर. वाचक मोबाईलवर, प्रवासात असताना वाचतो आहे. मुख्य प्रश्न: आपली बस सेक्टर 17 वरून की सेक्टर 43 वरून? त्याचे उत्तर पहिल्या दोन वाक्यांत हवे. खाली मी तपासलेली माहिती देतो. तिच्याबाहेरचे वेळापत्रक, भाडे किंवा अंतर स्वतःहून लिहू नकोस. जिथे आकडा लागेल तिथे “तपासा” अशी खूण कर आणि तो कुठून तपासायचा ते लिही. उपशीर्षके प्रवासी विचारतो तशा प्रश्नांच्या रूपात दे. प्रत्येकाखाली त्या भागात काय सांगायचे ते एका ओळीत दे. इतिहास आणि समारोप नको. शेवटी, या माहितीतून कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही ते मला सांग.’

यातले शेवटचे वाक्य सहसा कुणी लिहीत नाही, पण खरे फळ तेच देते. प्रारूप मग विचारते: पहाटे पोहोचणाऱ्याने थांबायचे कुठे? दोन स्थानकांदरम्यान स्थानिक बस आहे का? सामान ठेवायची सोय? ही उत्तरे चंडीगढ ट्रान्सपोर्ट अंडरटेकिंग किंवा हिमाचलच्या परिवहन महामंडळाकडून, नाहीतर प्रत्यक्ष स्थानकावर जाऊन मिळवावी लागतात. लेखाला इतर पानांपासून वेगळे काढते ती अशी मिळवलेली माहिती, आणि ती मिळवणे हे माणसाचे काम आहे.

सूचनेत एखादा नमुना जोडला तर निकाल चटकन सुधारतो. ओपनएआयच्या 2020 च्या जीपीटी-3 वरील शोधनिबंधाने हेच दाखवले होते: प्रारूपाला नव्याने प्रशिक्षण न देता, नुसती दोन-चार उदाहरणे समोर ठेवली तरी ते नवे काम उचलते. ‘मनालीची बस कुठून सुटते?’ असे एक चांगले उपशीर्षक दिले की बाकीची त्याच वळणाची येतात.

शोधशब्दांबाबत मात्र सावध राहावे लागते. ‘जास्त शोधले जाणारे दहा शब्द आकड्यांसह दे’ असे सांगितले तर आकडे येतात. पण प्रारूप एखाद्या माहितीसाठ्याला जोडलेले नसेल तर ते अंदाजाने लिहिलेले असतात. खरे शब्द सर्च कन्सोल, गूगल ट्रेंड्स आणि शोधपट्टीतल्या सूचनांमधून घ्यावेत आणि ते प्रॉम्प्टमध्ये घालावेत. मराठी वाचक ‘चंडीगढ’, ‘चंदीगड’ आणि रोमन लिपीतही टाइप करतो, ‘बसस्थानक’ न म्हणता ‘बस स्टँड’ म्हणतो. ही रूपे प्रारूपाला सांगायची, मात्र लेखात एकच लेखन ठेवायचे. जुन्या सवयीने कीवर्डची पेरणी मागण्यात काही अर्थ नाही. पानाच्या कोडमधला कीवर्ड टॅग क्रमवारीसाठी वापरत नसल्याचे गूगलने 2009 मध्येच जाहीर केले होते. ठराविक शब्दसंख्येला प्राधान्य मिळते ही समजूतही गूगलने खोडून काढली आहे, म्हणून ‘दोन हजार शब्दांचा आराखडा’ मागितल्याने पानात पाणी वाढते, इतकेच.

यंत्राची मदत घेतली म्हणून लेख मागे पडतो का? फेब्रुवारी 2023 मध्ये गूगलने स्पष्ट केले की मजकूर कसा तयार झाला यापेक्षा त्याचा दर्जा पाहिला जातो. मार्च 2024 मध्ये मात्र केवळ क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात पाने काढण्याविरुद्धचे धोरण आणखी कडक झाले. मग ती पाने यंत्राने काढलेली असोत की माणसाने. एकच प्रॉम्प्ट घेऊन ‘सेक्टर 1’ पासून ‘सेक्टर 47’ पर्यंत नाव बदलत सत्तेचाळीस लेख काढणे या धोरणात थेट सापडते.

ऑगस्ट 2024 पासून भारतात गूगलच्या निकालांवर एआय-सारांशही दिसू लागले. ‘सिमल्याची बस सेक्टर 43 वरून’ एवढे उत्तर आता पान न उघडताही मिळू शकते. त्यामुळे प्रॉम्प्टमध्ये एक मागणी वाढवावी लागते: सारांशात न मावणारे काय द्यायचे, याची उपशीर्षके. रेल्वे स्थानकाच्या कोणत्या बाजूने बाहेर पडायचे, कोणत्या खिडकीवर कोणत्या राज्याचे तिकीट मिळते, बस निघून गेली तर पुढे काय करायचे, आणि हे सगळे शेवटचे कोणत्या तारखेला तपासले.