शकुंतला सावकाश का धावत होती?

१/ अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर स्थानकात अनेक दशके दोन तऱ्हांची वाफेची इंजिने दिसत. मुंबई–नागपूर मार्गावरून मेल गाड्या वेगाने जात, तर शेजारच्या अरुंद रुळांवरून ‘शकुंतला’ रमतगमत यवतमाळकडे निघे. तिचे इंजिन जुनाट होते म्हणून मंद होते, असे सहज वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

२/ वेगाचे तंत्र फार आधीच साधले होते. १८२९ मध्ये इंग्लंडमधील रेनहिल येथील स्पर्धेत स्टीफन्सन यांच्या ‘रॉकेट’ने ताशी सुमारे ४७ किलोमीटरचा वेग गाठला. त्याच्या बाष्पकात एका मोठ्या नळीऐवजी २५ तांब्याच्या नळ्या होत्या. उष्ण वायूंचा पाण्याशी संपर्क वाढला आणि वाफ झपाट्याने तयार होऊ लागली.

३/ पुढचा प्रश्न चाकांचा होता. दट्ट्या एकदा मागेपुढे झाला की चाकाचा एक फेरा पूर्ण होतो. म्हणजे चाक जितके मोठे, तितके एका फेऱ्यात कापलेले अंतर अधिक. मिनिटाला २५० फेरे धरले, तर ५ फूट व्यासाचे चाक ताशी सुमारे ७२ किलोमीटर धावते. ८ फुटांचे सुमारे ११५. म्हणूनच पॅट्रिक स्टर्लिंग यांनी १८७० मध्ये ८ फुटांहून थोड्या मोठ्या चाकांचे एक्सप्रेस इंजिन घडवले.

४/ परंतु या वेगाची किंमत होती. चाक वाढले की ओढण्याची ताकद घटते. जड मालासाठी लहान चाकेच सोयीची. शिवाय मोठ्या चाकांमुळे इंजिनाची उंची वाढते. त्याला तोलून धरणारा रुंद, भक्कम आणि सरळ मार्ग लागतो.

५/ यवतमाळला असा मार्ग मिळालाच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या पुढाकाराने झालेल्या या मार्गाची रुंदी होती अवघी ७६२ मिलिमीटर. मुख्य मार्गाची १६७६. अरुंद मार्गाला हलके रूळ, लहान पूल आणि कमी माती-भराव पुरतो. हेतू होता वऱ्हाडातील कापूस मूर्तिजापूरमार्गे मुंबईच्या बंदरापर्यंत आणि तेथून मँचेस्टरला पोहोचवण्याचा.

६/ योगायोग असा की, ‘शकुंतला’चे झेडडी इंजिनही १९२१ मध्ये मँचेस्टरलाच घडले. म्हणजे ते स्टर्लिंग यांच्या एक्सप्रेस इंजिनाहून अर्धशतकाने धाकटे! १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत, सत्तर वर्षांहून अधिक काळ, त्याने सेवा केली. त्यानंतर डिझेल इंजिन आले. मार्ग मात्र तोच अरुंद राहिला.

७/ तेव्हा मंदपणा ही इंजिनाची उणीव नव्हती. तो आरंभीच घेतलेला निर्णय होता. कापसाच्या गाठीला दोन तास उशीर झाला तरी तिचे काही अडत नाही. दवाखाना, न्यायालय किंवा परीक्षा गाठायची असलेल्या माणसाचे अडते. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. कापसाच्या हिशेबाने आखलेल्या रुळांवरून यवतमाळच्या पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करत राहिल्या.

८/ एखाद्या इंजिनाचा वेग वाचताना म्हणूनच दोन प्रश्न विचारावेत : त्याची चाके केवढी होती? आणि ती कोणासाठी फिरत होती?