आपल्याकडचाच सरवा

इंग्लंडमधलं खेडं म्हटलं की आपल्याला हिरवी कुरणं आणि क्रिकेटच आठवतं, नाही का? मग फ्लोरा थॉम्पसन यांचं 'लार्क राइज' (१९३९) वाचाच. बाई १८७६ साली ऑक्सफर्डशायरमधल्या जुनिपर हिल या वाडीत जन्मल्या. १८८०च्या दशकात तिथल्या शेतमजुराला आठवड्याला साधारण १० शिलिंग मिळायचे, आणि घरात खाणारी तोंडं ही एवढी! म्हणून गव्हाची कापणी उरकली की बायका-पोरं शेतात सरवा वेचायला जायची. हो, आपल्याकडचाच सरवा! दिवसभर वाकून कंबरेचा पार काटा ढिला... पण त्या ओंब्यांचं पीठ हिवाळ्यात कामी यायचं. राजेरजवाड्यांच्या इतिहासात हे कोण लिहिणार? लिहिलं ते चौदाव्या वर्षी शाळा सोडून पोस्टात लागलेल्या या बाईंनी, साठी उलटल्यावर. पुस्तकात त्यांनी स्वतःचं नाव लॉरा ठेवलंय. वाडी मात्र तीच.