श्राव्य विवर्धकातील निर्वात नलिका

श्राव्य कंप्रतेचे (कंप्रता म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या) क्षीण विद्युत् संकेत ध्वनिक्षेपक चालविण्याइतके प्रबल करणारी इलेक्ट्रॉन प्रयुक्ती. व्यवहारात तिला ‘व्हॉल्व्ह’ म्हणतात. जे. ए. फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये द्विप्रस्थ नलिका तयार केली आणि ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीत जालक बसविले. मुंबई नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्यानंतरची सुमारे चार दशके महाराष्ट्रातील रेडिओ, बोलपटगृहे व उत्सवांतील ध्वनिवर्धक मुख्यत्वे या नलिकांवरच चालले. ठाणे येथील मर्फी कारखान्याचे आरंभीचे रेडिओ व्हॉल्व्हचेच होते. बंगळूरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यातही अशा नलिका बनत. पुढे ट्रँझिस्टरने त्यांची जागा घेतली, पण नलिकांचा आवाज अधिक गोड की काय, हा वाद मात्र मागे राहिला.

या गोडव्याला आधार आहे. विवर्धकावरील भार वाढला की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट इ. कंप्रतांचे स्वर उमटतात. मूळ स्वर षड्ज मानल्यास दुप्पट कंप्रतेचा स्वर तार षड्ज, तर तिप्पट कंप्रतेचा तार सप्तकातील पंचम होय. त्रिप्रस्थ नलिकेत यांपैकी पहिला प्रमुख असतो. तंबोऱ्याच्या नादात तो मुळातच असल्यामुळे ही विकृती कानास खटकत नाही. रसेल ओ. हॅम यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीतही नलिका व ट्रँझिस्टर यांतील मुख्य भेद अतिभारित स्थितीत दिसला. मर्यादेत चालणाऱ्या व प्रदानाचा काही अंश उलट कलेने आदानाकडे परत देणाऱ्या मंडलात एका कारखान्याची नलिका काढून दुसऱ्याची बसविल्यास फरक फारच थोडा उरतो. तेथे नलिकेपेक्षा प्रदान रोहित्राचा गुण अधिक महत्त्वाचा.

नवी नलिका काही तास चालवून ‘मुरविण्याची’ रीत कारखान्यातूनच आलेली आहे. ऋणाग्राच्या निकेल नळीवर बेरियम व स्ट्राँशियम यांच्या कार्बोनेटांचा लेप असतो. नलिका निर्वात करताना तो तापवून त्याचे ऑक्साइडांत रूपांतर करतात. नंतर नेहमीपेक्षा अधिक तापवून व प्रवाह वाहू देऊन उत्सर्जन स्थिर करतात. उरलेला वायू काचेच्या आतील बाजूस दिसणारा बेरियमाचा रुपेरी थर शोषून घेतो. हे काम अपुरे राहिल्यास, किंवा नलिका वर्षानुवर्षे पडून राहिल्यास, पहिल्या काही तासांत धनाग्र प्रवाह बदलतो व तो मोजता येतो. मात्र शेकडो तासांनी आवाज ‘खुलतो’ या म्हणण्यात नलिकेपेक्षा श्रोत्याच्या सवयीचा वाटा मोठा असावा. मुरविण्याच्या हौसेने नलिका नुसती तापत ठेवणे तर अपायकारकच : प्रवाहाविना दीर्घकाळ तापल्यास निकेल व लेप यांच्यामध्ये रोध वाढविणारा पापुद्रा तयार होऊ शकतो.

तुलना करताना दोन्ही नलिकांचे आवाज आधी समान पातळीवर आणावे लागतात, कारण किंचित मोठा आवाज कानाला सरसच वाटतो. ईसीसी ८३ (विवर्धनांक सुमारे १००) व ईसीसी ८२ (सुमारे १७ ते २०) या नलिका एकाच बैठकीत बसतात. त्यांची अदलाबदल करून ‘स्वभाव’ ठरविणारा हौशी पुष्कळदा केवळ आवाजाची पातळीच ऐकत असतो.