हिरवा पट्टा कुणाचा?

वर्सोव्याच्या खाडीत कोळ्यांच्या होड्यांवर नाना रंगांची निशाणे फडकत असतात. वस्तीत कुठे भगवा दिसतो, कुठे हिरवा. १५ ऑगस्टला या सगळ्यांत तिरंगा चढतो आणि त्याचबरोबर एक जुनी समजूतही वर येते : केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकीच्यांचा. आपणही मनातून खूश होतो की, चला, झेंड्यात आपला एक पट्टा आहे! ही समजूत कितपत खरी, हे एकदा तपासून पाहायला हवे.

ती अगदीच निराधार नाही. १९२१ साली बेझवाडा येथे पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना झेंड्याचा नमुना दाखवला. त्यात लाल रंग हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा मानला होता. इतर धर्मीयांसाठी गांधीजींनी पांढरा पट्टा घालायला सांगितला, त्यावर चरखा आला. पण ही वाटणीच पुढे अडचणीची ठरली. शिखांनी विचारले, आमचा रंग कुठे? रंग वाटायचे म्हटले की वाटेकरी संपत नाहीत.

म्हणून एप्रिल १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. तीत पटेल, नेहरू, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या, साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर, डॉ. ना. सु. हर्डीकर आणि मौलाना आझाद होते. समितीने सबंध केशरी झेंडा सुचवला, त्यावर फक्त चरखा. हिरवा रंग त्यात नव्हताच!

ऑगस्ट १९३१ मध्ये अखिल भारतीय काँग्रेस समिती मुंबईत भरली. तिने ही शिफारस मानली नाही; केशरी, पांढरा, हिरवा असे तीन पट्टे कायम केले. मात्र या रंगांना जातीय अर्थ नाही, असे स्वच्छ सांगितले. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे शांती आणि सत्य, हिरवा म्हणजे श्रद्धा आणि शौर्य. रंगांची धर्मवार वाटणी मोडली ती आपल्या याच शहरात.

१९४७ साली राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा समिती बसली. तीत डॉ. आंबेडकर होते, मौलाना आझादही होते. २२ जुलैला नेहरूंनी घटना समितीत ठराव मांडला. चरखा मागच्या बाजूने उलटा दिसे, म्हणून सारनाथचे अशोकचक्र घेतले. ते दोन्हीकडून सारखेच दिसते. डॉ. राधाकृष्णन यांनी हिरव्याचा अर्थ सांगितला तो मातीशी आणि झाडापेरांशी असलेल्या नात्याचा. मुस्लिम लीगचे चौधरी खलीकुज्जमाँ यांनीही ठरावाला पाठिंबा दिला. पुढे ते पाकिस्तानात गेले. आपले वाडवडील इथेच राहिले.

हा इतिहास आज आठवायचे कारण आहे. हिरवा पट्टा तेवढा तुमचा, असे कुणी प्रेमाने म्हटले तरी त्यात एक मेख असते. एक पट्टा देणारा उरलेले दोन काढून घेतो. मग आपण या देशाचे मालक न राहता एक तृतीयांश कापडाचे वाटेकरी होतो, आणि वाटेकऱ्याकडे कुणीही उठून हिशेब मागू शकतो. १९३१ च्या ठरावाने आपल्याला याहून कितीतरी मोठे दिले आहे. त्याग आपला, सत्य आपले, श्रद्धाही आपली. आणि शेजारच्या कोळ्याचीही तितकीच. सबंध झेंडा हक्काचा असताना एका पट्ट्यावर समाधान का मानावे?