नाचण

नाचण (पांढऱ्या भुवईची) : झाडीत राहणारा छोटा कीटकभक्षी पक्षी. शास्त्रीय नाव ऱ्हिपिडुरा ऑरिओला. पहिले शास्त्रीय वर्णन लेसन यांनी 1831 मध्ये केले. ऱ्हिपिडुरा प्रजातीतील बहुसंख्य जाती इंडोनेशियापासून फिजीपर्यंतच्या उष्णकटिबंधीय बेटांवर आढळतात. भारतात मोजक्याच जाती आहेत. पुणे जिल्ह्यातील बारामती-इंदापूर या कमी पावसाच्या प्रदेशातही नाचण दिसते. तिथल्या उघड्या गवताळ माळापेक्षा ओढ्याकाठची बाभूळ, आमराई आणि कालव्यालगतची झाडी नाचणीला अधिक मानवते.

लांबी सुमारे 18 सेंमी. डोके काळपट, भुवई रुंद व पांढरी, पोट पांढरे, शेपटीची टोके पांढरी. ती क्षणभरही स्वस्थ बसत नाही. पंख किंचित खाली सोडून शेपटीचा पंखा उघडते, फांदीवर डावी-उजवीकडे वळते, आणि उडालेला डास किंवा माशी हवेतच टिपते. या विलक्षण देखण्या हालचालींवरूनच तिचे नाव पडले. शीळ गोड, चढत-उतरत जाणारी.

वीण साधारण फेब्रुवारी ते ऑगस्ट. बारीक गवताचे पेल्यासारखे घरटे आडव्या फांदीवर असते. बाहेरून कोळ्याच्या जाळ्यांचा घट्ट लेप असतो. अंडी बहुधा तीन. ती नर-मादी दोघेही उबवतात.