विष सापडलं नाही, तरी खून?

कोल्हापुरात पेपर उघडला की ही ओळ अधूनमधून दिसतेच: ‘व्हिसेरा राखून ठेवला आहे.’ म्हणजे सीपीआरमध्ये शवविच्छेदन झालं, कारण कळलं नाही, म्हणून जठर, यकृत, मूत्रपिंडाचे तुकडे मिठाच्या दाट पाण्यात घालून प्रयोगशाळेकडे पाठवले. मग रिपोर्ट येतो, ‘विष आढळले नाही’. आणि लोक म्हणतात, विषय संपला!

पुण्याच्या लागू खटल्यात तो तिथून सुरू झाला.

लक्ष्मीबाई कर्वे, पैसेवाल्या विधवा, मधुमेह असलेल्या. डॉ. अनंत चिंतामण लागू त्यांचा डॉक्टर आणि त्यांच्याच घरातला भाडेकरू. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री दोघं मुंबईच्या पॅसेंजरमध्ये बसले. पहाटे व्हीटीला गाडी लागली तेव्हा बाई बेशुद्ध. लागूने त्यांना जी.टी. हॉस्पिटलमध्ये नेलं, पण नाव भलतंच सांगितलं. दुपार व्हायच्या आत त्या गेल्या. लघवीत साखर, म्हणून कारण लिहिलं डायबेटिक कोमा. देह बेवारस पडून राहिला, शवविच्छेदन थेट २३ तारखेला. व्हिसेऱ्यात विष शून्य. आणि इकडे पुण्यात बाईंच्या नावाने पत्रं यायला लागली, की मी मजेत आहे! तोवर लागू त्यांची मालमत्ता लाटत होता.

आता प्रयोगशाळेचं बघू. तिथे ‘विष’ नावाची एकच टेस्ट नसते. प्रत्येक जातीच्या विषाला वेगळी वाट. १८५० मध्ये बेल्जियमच्या स्तास यांनी अल्कोहोल आणि आम्ल वापरून मृताच्या अवयवांतून निकोटिन वेगळं काढलं, ती वाट वनस्पतिजन्य विषांची. इन्सुलिन तिथे सापडणारच नाही, ते प्रोटीन आहे. १९५७ मध्ये इंग्लंडच्या बार्लो खटल्यात ते पकडलं, तर सुई टोचलेल्या जागेचा अर्क चक्क उंदरांना देऊन. आमच्या भाषेत सांगतो, सगळ्या टेस्ट पास झाल्या म्हणजे बग नाही, असं कुठला टेस्टर म्हणेल?

१४ डिसेंबर १९५९ ला सुप्रीम कोर्टाने लागूची फाशी कायम केली. पण दोन विरुद्ध एक अशी. न्या. हिदायतुल्ला म्हणाले, परिस्थितीच बोलते आहे. विष सापडलंच पाहिजे असं नाही, नाहीतर हुशार डॉक्टर कायम सुटेल. न्या. सरकार यांना मृत्यू विषानेच झाला हे सिद्ध वाटलं नाही. मधुमेह तर होताच ना? मला बहुमत पटतं, ते त्या पत्रांमुळे; पण सरकारांचा निकाल वाचताना दोनदा थांबलो.