वाट अडली आणि राज्य गेलं



रानाला वाट नसली की काय होतं, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. ऊस तुटून पडलेला असतो, ट्रॉली पाणंदीच्या तोंडाशी उभी असते आणि शेजारचा बांधावर हात आडवे करून म्हणतो, "इथनं जायचं न्हाई." मग तलाठी, मग तहसीलदार, मग कोर्ट. आज मी तुम्हाला असाच एक वाटेचा तंटा सांगणार आहे. फक्त यात एका बाजूला पोर्तुगाल देश होता, दुसऱ्या बाजूला आपला भारत, आणि निकाल लागला नेदरलँड्समधल्या हेग शहरात, आंतरराष्ट्रीय न्यायालयात. तंट्यातलं रान होतं दादरा आणि नगर हवेली.

हे नाव टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्यांत ऐकलं असेल, पण ते नेमकं कुठं आहे हे फार कमी जणींना सांगता येतं. पालघर जिल्हा ओलांडून गुजरातच्या हद्दीत शिरलं की वापी लागतं. तिथून आत डोंगराकडे वळलं की आधी दादरा आणि पुढे नगर हवेली. सगळं मिळून ४९१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे पंधरा-सोळा तुकडे केले तर त्यातला एक. गावं ७२. मधून दमणगंगा वाहते. दादरा वेगळं आणि नगर हवेली वेगळी, मध्ये गुजरातची पट्टी. गंमत म्हणजे नगर हवेलीच्या पोटात मघवाळ नावाचं एक गाव आहे, ते पुन्हा गुजरातचं! सातबाऱ्याच्या वाटण्या करताना भावाभावांनी पट्ट्या पाडाव्यात, तसा हा नकाशा दिसतो.

एवढ्याशा मुलखाला पोर्तुगाल आपला 'समुद्रापलीकडचा प्रांत' म्हणत असे. १९५१ साली त्यांनी राज्यघटनेत बदल करून वसाहत हा शब्दच काढून टाकला. आमच्या वसाहती नाहीतच, हे सगळे आमच्याच देशाचे प्रांत आहेत, फक्त समुद्राच्या पलीकडे आहेत, असा त्यांचा दावा. नगर हवेलीला तर समुद्रसुद्धा नाही. तिथल्या वारली बाईला लिस्बन शहर कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण कागदावर ती पोर्तुगालची होती.

ती तशी कशी झाली, हे सांगायला पुण्याच्या पेशवाईत जावं लागतं.

मराठ्यांच्या आरमारानं पोर्तुगीजांचं एक जहाज पकडलं होतं. त्याचं नाव सांताना. त्याची भरपाई द्या, असा पोर्तुगीजांचा तगादा चालू होता. त्याच वेळी मराठ्यांचं इंग्रजांशी युद्ध पेटलं होतं आणि पोर्तुगीज निदान शत्रूच्या बाजूला जाऊ नयेत, ही पुण्याची गरज होती. गादीवर सवाई माधवराव, वय पाच वर्षं. कारभार नाना फडणविसांकडे. १७ डिसेंबर १७७९ रोजी तह झाला आणि वर्षाला बारा हजार रुपये वसुलाची गावं पोर्तुगीजांना द्यायचं ठरलं. सनदा निघाल्या १७८३ आणि १७८५ साली. त्याप्रमाणे आधी नगर हवेली आणि मग दादरा पोर्तुगीजांकडे गेलं. जहाज समुद्रातलं, युद्ध इंग्रजांशी आणि गावं गेली डोंगरातल्या वारली, धोडिया, कोकणा, कातकरी लोकांची. त्यांना कुणी विचारल्याची नोंद असायची काही शक्यताच नव्हती. कुळांना विचारून जहागीर द्यायची रीत आपल्याकडे कुठं होती?

यातला एक बारकावा लक्षात ठेवा, पुढे कोर्टात तोच उपयोगी पडला. पेशव्यांनी दिला तो वसूल. गावची मालकी नव्हे, राज्य तर नव्हेच. आपल्याकडे इनाम, सरंजाम, जहागीर हे शब्द घराघरांत माहीत आहेत. सरंजामदार वसूल खातो, पण धनी वरचा असतो.

पुढे १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रज आले. मूळ धनीच उरला नाही. इंग्रजांनी सनदा काही उघडून पाहिल्या नाहीत. पोर्तुगीज तिथं राज्य असल्यासारखे वागत होते, इंग्रजांनी वागू दिलं. १८८५ साली पोर्तुगीजांनी कारभाराचं ठिकाण दरारा गावाहून सिल्वासाला हलवलं. १८९७ साली सिल्वासात मोठं चर्च उभं राहिलं, ते आजही आहे. सव्वाशे वर्षं कुणी हरकत घेतली नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर वहिवाट पडली.

पण या वहिवाटीत एक खोट होती. पोर्तुगीजांचं जवळचं ठाणं म्हणजे समुद्रकाठचं दमण. दमणहून दादरा जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. ती मधली जमीन मात्र आधी इंग्रजांची आणि १९४७ नंतर आपली. साहेब असो, शिपाई असो, मिठाची गोणी असो, भारताच्या रानातून गेल्याशिवाय नगर हवेलीत पोचायचं नाही.

आता १९५४ साल. देश स्वतंत्र होऊन सात वर्षं झाली होती. आपलं कोल्हापूर संस्थानही १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं होतं. आणि इकडे गोवा, दमण, दीव, दादरा, नगर हवेली अजून पोर्तुगीजांकडेच. गोव्याच्या सुटकेसाठी धडपडणाऱ्या तरुणांनी हेरलं की सगळ्यात कच्चा दुवा हा डोंगरातला तुकडा आहे. तिथं कुमक पोचवायला पोर्तुगीजांना वाटच नाही.

या मोहिमेत एक कोल्हापूरचा माणूस होता, आणि त्याचा आवाज तुम्ही सगळ्यांनी ऐकलेला आहे. सुधीर फडके! आपले बाबूजी, जन्म २५ जुलै १९१९, कोल्हापूरचा. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ ला, पुणे आकाशवाणीवर त्यांचं गीतरामायण सुरू झालं आणि रविवार न् रविवार लोक रेडिओला हार घालून बसायला लागले. त्याच्या आठ-नऊ महिने आधी हा माणूस मुक्तिसंग्रामाच्या तयारीत गुंतलेला होता. सोबत राजा वाकणकर होते, पुढे शिवशाहीर म्हणून नावारूपाला आलेले बाबासाहेब पुरंदरे होते. आणि पैसा? पैसा उभा करायला लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला. वय चोवीस. त्याही काही वर्षं कोल्हापुरात राहिलेल्या. आपल्या शहराच्या इतिहासात कुस्ती, तालमी, सिनेमा यांवर भरभरून लिहिलं जातं, या गोष्टीला मात्र एखादी ओळ मिळते, हे मला खटकतं.

सगळे एकाच पक्षाचे होते असं मात्र नाही. दादरा २२ जुलैला मोकळं झालं, ते फ्रान्सिस मस्करेन्हस यांच्या नेतृत्वाखालच्या गोवेकरांच्या गटानं केलं. तिथल्या चकमकीत आनिसेतो रोझारियो हा पोलीस अधिकारी मारला गेला. २८ जुलैला आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक यांनी नरोली घेतलं. कम्युनिस्ट कार्यकर्तेही वेगळ्या बाजूनं आत शिरले होते. त्याच पट्ट्यात, शेजारच्या तलासरी-डहाणूत, गोदावरी परुळेकर यांनी १९४५ पासून वारल्यांची वेठबिगारी मोडून काढली होती, त्यामुळं तिथं जाग होतीच. भर पावसात २ ऑगस्टला सिल्वासा हाती आलं. पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो खानवेलकडे सरकला आणि ११ ऑगस्टला शरण आला.

या सगळ्यात भारत सरकारनं काय केलं? सैन्य पाठवलं नाही. फक्त जुलैमध्ये दमणहून येणारी वाट बंद केली. पोर्तुगालला शिपाईही पाठवता येईनात आणि अधिकारीही. तिथंच राज्य गेलं.

पोर्तुगाल गप्प बसणार नव्हता. २२ डिसेंबर १९५५ रोजी त्यानं हेगच्या न्यायालयात दावा लावला. दाव्याचं नाव ऐका: 'भारतीय प्रदेशातून जाण्याचा हक्क'. म्हणजे, आमच्या रानाला जायची वाट शेजाऱ्यानं अडवली, ती मोकळी करून द्या. आपल्याकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून वाट मागतात, तसाच हा अर्ज, फक्त अर्जदार एक देश.

निकाल यायला १२ एप्रिल १९६० उजाडला. त्यात न्यायाधीशांना पेशव्यांचे जुने मराठी कागद तपासावे लागले. विचार करा, हेगच्या त्या वाड्यात देशोदेशींचे न्यायाधीश बसलेत आणि चर्चा चाललीय 'सरंजाम' म्हणजे काय यावर! न्यायालयानं सांगितलं की मराठ्यांना जेव्हा मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे, तेव्हा ते तसे स्पष्ट शब्द लिहीत. या सनदांत ते शब्द नाहीत. तेव्हा पोर्तुगीजांना मिळाली ती बारा हजारांची जहागीर, राज्य नव्हे. मात्र पुढे इंग्रजांनी आणि नंतर भारतानंही त्यांची सत्ता न बोलता मान्य केली, म्हणून ती गावं पोर्तुगीजांची धरावी लागतील.

आणि वाट? इथं न्यायालयानं जो फरक केला तो गावच्या पंचांनाही पटावा असा आहे. साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांची ये-जा सव्वाशे वर्षं विनातक्रार चालू होती. ती वहिवाट झाली, तो हक्क झाला. पण बंदूकवाले शिपाई, पोलीस आणि दारूगोळा न्यायचा तर दर वेळी परवानगी घ्यावी लागे. जिथं विचारून जावं लागतं तिथं हक्क कसला? म्हणून तो हक्क नाही. हा भाग आठ विरुद्ध सात मतांनी ठरला, म्हणजे अगदी काठावर. आणि १९५४ साली परिस्थिती तंग असताना भारतानं वाट बंद केली, त्यात भारताची चूक नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. सैन्य नेता येत नाही म्हटल्यावर बाकीचा हक्क पोर्तुगालला काय कामाचा?

दावा चालू असेपर्यंत भारतानं हा मुलूख आपल्यात घेतला नव्हता. सात वर्षं तो ना पोर्तुगालचा, ना भारताचा. वरिष्ठ पंचायत नावाची सभा कारभार बघायची. शेवटी विलीन व्हायची वेळ आली तेव्हा पंडित नेहरूंच्या बरोबरीनं सही करायला पंतप्रधान हवा! मग के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं पंतप्रधान केलं आणि ११ ऑगस्ट १९६१ ला दादरा-नगर हवेली भारतात आली. घटनेतली दहावी दुरुस्ती ती हीच. पोर्तुगालनं हे मान्य केलं १९७४ च्या अखेरीस. आणि २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे.

आता ज्यांची गावं, त्यांचं काय झालं ते बघू. पोर्तुगीज अमलात जमिनी 'आल्वारा' नावाच्या परवान्यावर दिल्या जात. परवाने मिळाले ते कागद वाचता येणाऱ्यांना. पिढ्यान् पिढ्या कसणारे आदिवासी आपल्याच रानात कुळं झाले. झेंडा बदलला तरी हा कागद लगेच बदलला नाही. जमीन सुधारणेचा कायदा आला १९७१ साली, म्हणजे सिल्वासात तिरंगा लागल्यावर सतरा वर्षांनी. वाट अडवायला एक महिना पुरला होता!

तिथली संस्कृती म्हणाल तर पोर्तुगीज फार कमी उरलेत, वारली भरपूर. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर गेरू लावून तांदळाच्या पिठानं चौक काढतात. तो काढायचा मान सवाष्णींचा. आणि लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे गाणी म्हणणारी जाणती बाई. तिच्या गाण्यांशिवाय लग्न पुरं होत नाही. आज वारली चित्रं आपल्या साड्यांवर, कपांवर, बँकेच्या भिंतींवर दिसतात, पण चौकातली देवी पालघाट आणि तिला जागवणारी धवलेरी कुणाला माहीत नसते. आपल्याकडे बाईनं मंगलाष्टका म्हटल्या तर अजून बातमी होते.

बोलायची अडचण येत नाही. वारली बोली मराठीच्या इतकी जवळची आहे की दोन-चार वाक्यांत ओळख पटते. बाजारात गुजराती, हिंदी, मराठी तिन्ही चालतात आणि मराठी शाळाही आहेत.

बचत गटाची सहल काढणार असाल तर पावसाळा संपल्यावर जा. कोल्हापूरहून मुंबईमार्गे रेल्वेनं वापी, तिथून सिल्वासाला एसटीसारख्या बसा आणि रिक्षा मिळतात. सिल्वासात आदिवासी संग्रहालय आहे, चर्च आहे. पुढे खानवेलमार्गे दुधनीला गेलं की मधुबन धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं. वापीहून जाताना रस्त्यावरच्या हद्दीच्या पाट्यांकडे लक्ष ठेवा. गुजरात, दादरा, पुन्हा गुजरात, मग नगर हवेली. ज्या वाटेवरून हेगपर्यंत भांडण गेलं, ती हीच.